अरफातने मधमाश्या निवडल्या होत्या

...आणि वर त्या ताई म्हणतात कशा, "निवड तुमची!" अहो, कसली डोंबलाची निवड! तुम्हाला सांगतो, माणसानं एकदा ठरवलं ना, की आयुष्यात अमुक एक काम आपल्याला करायचं नाही म्हणजे नाही, की ते काम थेट बस पकडून वारजेपर्यंत जातं आणि तिथं त्याची मानगूट धरतं!

आमच्या अरफातचंच बघा. बुधवार पेठेत माझं जुन्या पुस्तकांचं दुकान, आणि मधे पत्र्याची एक भिंत सोडली की चांदभाईंचं मिक्सर, इस्त्री दुरुस्तीचं. चांदभाई चाळीस वर्षं त्याच स्टुलावर, आणि गिऱ्हाईक आलं की मान वर न करता तेच एक वाक्य, "उद्या सहानंतर या." अरफात त्यांचा एकुलता एक मुलगा, वय अठरा, सकाळी कॉमर्स कॉलेज आणि दुपारी बारापासून दुकान. आता मिक्सरच्या मोटारीत घासून झिजणाऱ्या कार्बनची ती काळी भुकटी... ती एकदा नखात शिरली की साबणाच्या बापाला ऐकत नाही. त्यामुळे पोरगं कॉलेजात कायम खिशात हात घालून! सरांना वाटायचं, माजलाय. माजलाय कसला हो, लाजत होता बिचारा!

त्यात गेल्या सहा महिन्यांत चांदभाईंनी नवीनच काढलेलं. कार्बन बसवायचा आला की, "बेटा, तू कर, तुझी नजर चांगली आहे." बारीक स्क्रू आला की, "तू कर." पोरगं मनातून धास्तावलं. म्हणजे अब्बांचं ठरलेलं दिसतंय, आपल्याला याच स्टुलावर चिकटवून टाकायचं! जेवण जाईना, अभ्यास होईना.

आणि तेवढ्यात कॉलेजच्या फळ्यावर लागली जाहिरात. युवा विकास मंडळ, वारजे. दर रविवारी सकाळी. व्यक्तिमत्त्व विकास, नेतृत्व विकास, आणखी कुठकुठले विकास, आणि हातानं करायचा एक प्रकल्प... निवड तुमची! झालं! याला वाटलं, सुटलो. घरी सांगितलं, "जादा तास आहे," आणि गेला.

तिथं वीसेक मुलं, सोसायटीचा हॉल, आणि त्या प्रियदर्शनीताई. आधी हिंजवडीत एचआरमध्ये होत्या, त्यामुळे प्रत्येकाशी अशा बोलायच्या की समोरच्याला वाटावं, आता हातात ऑफर लेटर देतात की काय. "गाईज, स्क्रीनमधून बाहेर या! आपण हातानं काही करतच नाही! फील करा, टच करा, हात मळू देत!" हात मळू देत म्हणे! आमच्या अरफातनं खिशातले हात आणखी खाली सारले.

फळ्यावर यादी. गच्चीवरची बाग, पाव भाजणे, मधमाशीपालन, कुंभारकाम, आणि सगळ्यात खाली, तुम्हाला सांगतो, घरगुती उपकरणांची दुरुस्ती! पोरगं ते वाचून दोन पावलं मागं सरकलं. ताई म्हणाल्या, "घाई नको, विचार करा, निवड तुमची!" यानं क्षणाचाही विचार केला नाही. मधमाश्या! मिक्सरपासून जितकं लांब जाता येईल तितकं.

आठवडाभर काय खूश होता! माझ्याकडून मधमाश्यांवरचं एक फाटकं पुस्तक नेलं, दुकानात पाना पकडलेल्या हातानं वाचत बसायचा. मला म्हणाला, "काका, राणी माशीला आधी राणी व्हायचं नसतंच म्हणे, बाकीच्या तिला खाऊ घालून घालून बनवतात." मी म्हटलं, "असेल बाबा."

पण पुढच्या रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब दारात उभे. "आपण मधमाश्या आणणार म्हणे? उत्तम. त्यांना पार्किंग कुठं देऊ?" बस्स. मधमाश्या रद्द! ताई म्हणाल्या, "नो प्रॉब्लेम, दुसरं निवड ना, निवड तुमची!" मग हा पावात गेला. पीठ मळलं, फुगलं, आणि ओव्हन लावला तर ओव्हन थंड! ताई बटण दाबतायत, मुलं व्हिडिओ काढतायत, एक जण तर ओव्हनला थापटतोय, जसा काही उठून बसणार आहे! आमचा अरफात खिशात हात घालून भिंतीला टेकून. त्याला कळलं होतं हो, आत वायर सुटलीय! पण वीस मिनिटं सोसलं त्यानं. शेवटी हात ऐकेनात. प्लग काढला, कुणाच्या तरी किल्लीनं स्क्रू फिरवला, दोन मिनिटांत ओव्हन लाल!

"ओ माय गॉड, अरफात! तुला हे येतं?"

याच्या तोंडून निघून गेलं, "अब्बांचं दुरुस्तीचं दुकान आहे." संपलं की सगळं! तिथल्या तिथं मतदान, वीसच्या वीस हात वर. म्हणजे एकोणीस... याचे खिशात. प्रकल्प ठरला, दुरुस्ती! आणि शिकवणार कोण? "तुझे बाबा!" बघा, निवड तुमची!

रविवारी सगळी वरात बुधवार पेठेत. सहा बाय आठचं दुकान, निम्मी मुलं माझ्या फळीवर. चांदभाईंनी ईदचा कुर्ता घातलेला, वीस चहा सांगितलेले. चाळीस वर्षांत कुणी त्यांना "शिकवता का?" म्हणून विचारलं नव्हतं, अहो! चेहरा असा उजळलेला... मिक्सर उघडला. "हा कार्बन, ही स्प्रिंग, अशी दाबायची..." आणि स्प्रिंग उडाली. मुलं हसली. दुसरी घेतली. हात थरथरला, तीही उडाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं, गंमत करतायत! सगळ्यांचे मोबाइल वर. तिसऱ्यांदा चांदभाईंनी स्प्रिंग धरली, आणि तो हात... मी पत्र्याच्या फटीतून बघत होतो, मी मान फिरवली.

अरफातनं नाही फिरवली. त्याला तेव्हा कळलं, सहा महिने "तू कर, तू कर" का चाललं होतं ते. तो म्हणाला, "अब्बा, तुम्ही सांगत जा, मी करून दाखवतो." अगदी ठरल्यासारखं म्हणाला, कुणाला काही कळलं नाही. चांदभाई सांगत राहिले, तो करत राहिला, भर उजेडात, खिशातून काढलेल्या त्याच काळ्या नखांच्या हातांनी. चांदभाईंनी स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले होते.

चार रविवार झाले. मग मंडळ कुंभारकामाकडे वळलं, व्हायचंच ते! अरफातला एक प्रमाणपत्र मिळालं, सोनेरी कडा, 'घरगुती उपकरणांची दुरुस्ती, प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण.' म्हणजे बापाकडून शिकलेलं बापाच्याच दुकानात केलं, आणि प्रमाणपत्र वारजेचं! यानं ते गुंडाळून ठेवलं होतं. चांदभाईंनी शोधून काढलं, फ्रेम केलं आणि बरोबर स्टुलाच्या वर टांगलं.

परवा एक बाई आल्या मिक्सर घेऊन, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. वर बघितलं, प्रमाणपत्र वाचलं, आणि म्हणाल्या, "अगंबाई, मुलगा कोर्स करून आला वाटतं? मग राहू द्या चांदभाई, मिक्सर त्यालाच द्या!"

चांदभाई इतके आनंदानं हसले हो... "त्यालाच देतो, त्यालाच देतो!"

आणि अरफात? त्यानं मिक्सर घेतला, उलटा केला, हलवून कानाशी धरला आणि मान वर न करता म्हणाला,

"उद्या सहानंतर या."