भावोजी ब्लाइंड खेळतात

— रडू नको गो मनस्वी, आधी ते दार लोटून घे. पडवीत सगळे पत्ते कुटत बसलेत, पण आमच्या भावोजींचे कान भारी तिखट. हां. जेवताना काय म्हणाले ते? "गणपती गेले की सूनबाईचं मुरबाडला जाणं बंद. औषधाच्या दुकानात उभं राहायला नाय आणली तिला." आणि कोण बोललं? कोणच नाय. तुझा सासरा भातात बोटं फिरवत बसला, आणि तुझा नवरा — माझाच सूरज, पण खरं ते खरं — त्यानं ताटातून मान वर नाय काढली. तीनपत्ती पण ते अशीच खेळतात. ब्लाइंड. आपली पानं बघायचीच नाय, पहिल्याच चालीला मूठभर चिंचोके आपटायचे, घसा ताणायचा — की समोरचे पटापट पानं टाकतात. हातात असतं काय त्यांच्या? कधी काय नसतं!

नाय नाय, तू आरडाओरडा नको करू. ते चढले की आपण पण चढायचं — तेच पायजे असतं त्यांना. आपली पानं चांगली असली ना, की गप बसायचं. बघून खेळणाऱ्याला दुप्पट चिंचोके टाकायला लागतात, टाकायचे. त्यांना वाढवू दे, आपण फक्त उठायचं नाय. आणि मग हळूच म्हणायचं — शो. दाखवा पानं.

मी? मी कधी नाय म्हटलं. थोरल्या दिराला धाकटी भावजय 'दाखवा' म्हणते व्हय? आमच्यात नाय चालत. गेल्या गणपतीत तीन राण्या होत्या गो माझ्याकडं, तीन! पालथ्या टाकल्या मी. मग त्यांनी आपली पानं उलटी केली — दुर्री, पंजी, सत्ती. सगळे हसले, मी पण हसले. चिंचोक्यांचं काय एवढं... पण माझ्या नोकरीच्या वेळी पण असंच — सूरज रांगत होता, मला अंगणवाडीचं पत्र आलेलं. गावातच नोकरी, गो. भावोजी पडवीतून ओरडले, "आपल्या घरातली बाई दारोदार हिंडणार?" एवढंच. हिंडली तर काय होईल, ते कोणी विचारलंच नाय. मी पण नाय. पत्र चुलीत घातलं, माझ्या हातानं. लोकांना सांगते मलाच नको होती. पंचवीस वर्षं सांगते. खोटं गो. मला हवी होती. अजून त्या अंगणवाडीवरनं जाताना पोरांचा आवाज आला की मी पाय उचलते.

— बघ, चहा मागतायत. नाय, तू बस, तोंड धू. तुला सांगते तू बोल, तू उठू नको — आणि मी इथं चुलीपुढं बसून ऐकणार? सहा महिने झाले तुला या घरात, आणि मला सत्तावीस वर्षं. दे तो ट्रे.

— आले, भावोजी! पत्ते जरा बाजूला ठेवा. मनस्वीच्या नोकरीचं बोलायचंय मला. — हो, मलाच. — सर गो मनस्वी दारातनं, वाट सोड.