डाव्या पायाची काती

जबाब
दि. २२/०१/२०२५

सौ. उर्वशी निकेश बोरकुटे, वय ३४ वर्षे, शिक्षण दहावी पास, धंदा घरकाम व कोंबडीपालन, रा. मौजा पळसटोला, ता. चिमूर, जि. चंद्रपूर. हल्ली मुक्काम माहेरी, मौजा बोडधा.

मी समक्ष पोलीस स्टेशनला हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, पळसटोला येथे मी, पती निकेश, सासू सुगंधाबाई व दीर अंकुश असे एकत्र राहत होतो. माझे लग्न झाले तेव्हा अंकुश नऊ वर्षांचा होता. त्याचे जेवणखाण, शाळेचे कपडे मीच पाहिले.

सन २०२३ च्या जूनमध्ये बचत गटामार्फत माझ्याकडे गावठी जातीची वीस पिल्ले, पाण्याची दोन भांडी व खाद्याचे एक पोते आले. माझा हिस्सा बाराशे रुपये पडला. तो मी अंडी विकून फेडला. काही पिल्ले मुंगसाने नेली. राहिलेल्यांची अंडी घरात लागतील तेवढी ठेवून बाकी विकत होते. त्यात एक तांबडा कोंबडा होता, तो विकायचा नव्हता.

मागच्या सप्टेंबरात अंकुशला मलेरिया होऊन ताप डोक्यात गेला. चंद्रपूरच्या दवाखान्यात तो बेशुद्ध होता. तेव्हा मी गावदेवी मातामायला तांबडा कोंबडा नवस बोलले आणि त्याच्या डाव्या पायाला लाल धागा बांधला. अंकुश बरा झाला. होळीनंतरच्या मंगळवारी नवस फेडायचा होता. आमच्याकडे रीत अशी आहे की, ज्याच्यासाठी नवस, त्याने तळहातावर तांदूळ धरायचे. कोंबड्याने ते टिपले तरच माय घेते. म्हणून अंकुश रोज सकाळी त्याला हातावर तांदूळ खाऊ घालत होता. कोंबडा त्याच्या मागे मागे फिरत असे.

दि. १९/०१/२०२५ रोजी रविवारी दुपारी मी देवपूजा करून अंगणात आले तेव्हा कोंबडा दिसला नाही. सासूबाई म्हणाल्या, "अंकुशनं नेला बाजारात. सांजच्याले आणते म्हणे. तू काऊन जीव टाकून राह्यली?" बाजार म्हणजे नाल्यापलीकडे मोहाच्या झाडांखाली भरतो तो कोंबडबाजार. मी तशीच तिकडे गेले. त्यापूर्वी मी तिथे कधी गेले नव्हते.

तिथे शे-दीडशे माणसे गोल करून उभी होती. बाई मी एकटीच होते. झुंज सुरू होती. समोरचा पांढरा कोंबडा लटारू वाढई यांचा होता. हा बाजार तेच भरवतात. माझ्या कोंबड्याचा तुरा फाटला होता व एक डोळा मिटला होता. पांढऱ्याचे पोट फाटून आतडी मातीत लोळत होती, तरी तो उभा राहून चोच मारत होता. लोक हसत होते. नंतर तो पडला. लटारूंनी त्याला पायाने बाजूला सारले आणि दुसरा कोंबडा मागवला.

मी अंकुशला म्हटले, "बाबू, तो मायचा हाय. चाल घरी."

तो म्हणाला, "वयनी, एकच डाव अजून. धागा तोडला नाई मी, पाह्य तं. मायच जितवून राह्यली त्याले."

लटारू म्हणाले, "अबे अंक्या, वयनीले विचारून खेळते का बे? जाय, पदर धरून घरी जाय." तेव्हा सगळे हसले आणि अंकुश खाली पाहू लागला.

मी आत जाऊन कोंबडा उचलला. घरी उचलते तसाच उचलला, म्हणजे छातीखाली हात घालून काखेत. त्यात पाय मोकळे राहतात. बाजारातले लोक आधी पाय धरतात हे मला माहीत नव्हते. डाव्या पायाला धाग्यावरूनच काती, म्हणजे झुंजीची सुरी, बांधली होती, ती बोटभर लांब व दोन्ही बाजूंनी धारेची होती. अंकुश ओरडला, "वयनी, टाक त्याले! टाक खाली!" पुन्हा झुंजवायला मागतो असे समजून मी कोंबडा अधिक आवळला. तो पाय झाडू लागला. अंकुशने धावत येऊन माझ्या पोटाच्या आणि कोंबड्याच्या मधे हात घातला व त्याला आपल्याकडे ओढले. काती अंकुशच्या उजव्या जांघेत गेली. कोंबड्याने पाय ओढला तशी ती खालपर्यंत फाडत आली.

रक्त एकदम माझ्या तोंडावर उडाले. मी पदर कोंबून दोन्ही हातांनी दाबले, पण ते बोटांतून येतच होते. माणसे पळाली. लटारू पैशांची थैली घेऊन पळाले. गावातील पवन गेडाम याने मोटारसायकल आणली. अंकुशला मधे बसवून मी मागून धरले. रस्त्यात तो म्हणाला, "लागलं तं नाई ना तुले?" त्यानंतर तो बोलला नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी मयत सांगितले.

लटारू यांनी जबाबात बाजार भरलाच नव्हता, आमच्या अंगणात भांडण होऊन मी कोंबडा दिरावर फेकला असे सांगितल्याचे मला कळले. ते खोटे आहे. सासूबाईंनीही मीच अंकुशला मारले असे लिहून दिले आहे. त्यांचा मुलगा गेला आहे, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. माझे लुगडे आपण जप्त केले आहे. कमरेजवळ त्याच्या तीन घड्या कापल्या आहेत. माझ्या अंगाला ओरखडा नाही. हे पाहण्यात यावे.

माती झाल्यावर निकेशने मला काठीने मारले. सासूबाईंनी घरी राहिलेल्या चौदाही कोंबड्यांच्या माना पिरगळून माझ्या पायाशी टाकल्या. याबाबत माझी तक्रार नाही.

हा जबाब मी स्वतः वाचला. पहिल्या पानावर "पाळीव कोंबडा" लिहिले होते, ते खोडून "नवसाचा कोंबडा" करून घेतले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.

विनंती: कोंबडा आपल्या ताब्यात आहे. तो कधी मिळेल ते उलट टपाली माहेरच्या पत्त्यावर कळवावे. माझा फोन निकेशजवळ राहिला आहे. पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड सोबत दिले आहे. तोपर्यंत त्याला दाणे जमिनीवर टाकावेत. हातावर कोणी देऊ नयेत.

सही/-
उर्वशी निकेश बोरकुटे