खोड मोडायचं, मोडायची नव्हे

नाव : रुपाली मल्लिनाथ बिराजदार, वय ४३ वर्षे, व्यवसाय : कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राच्या शिक्षिका, राहणार : जुळे सोलापूर, सोलापूर.

विचारल्यावरून मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, आमचे प्राचार्य सिद्धेश्वर कोनापुरे यांनी मी त्यांना ब्लेडने इजा करण्याचा कट रचल्याची तक्रार दिली आहे. ती मला वाचून दाखवण्यात आली. वाचताना हवालदार बिभीषण माने यांना दोनदा हसू आले, हे मी आग्रहाने लिहायला लावत आहे.

काल बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक न आल्याने प्राचार्यांनी स्वतः गुण दिले. ते वाणिज्य शाखेचे आहेत. मायक्रोस्कोपखाली आल्याच्या कापाची जुनी स्लाइड लावली होती. ती खोडाची की मुळाची ते ओळखून कारण लिहायचे होते. केम गावाहून रेल्वेने येणारी विद्यार्थिनी ऋतुजा तळेकर हिने 'खोड' असे लिहिले. कारण दिले की, पाणी नेणारी जलवाहिनी व अन्न नेणारी रसवाहिनी एकाच पुंजक्यात जोडीने आहेत आणि असे पुंजके कापभर विखुरलेले आहेत. मुळाच्या कापात मात्र त्या दोघी वेगळ्या राहतात, एका वर्तुळात आळीपाळीने. उत्तर अचूक आहे. प्राचार्यांनी त्यावर फुली मारली.

त्यांचे म्हणणे, "आलं जमिनीतनं उपटतात की. जमिनीत असतं ते मूळ. त्याला मायक्रोस्कोप कशाला पाहिजे?" मी म्हणाले, "सर, तळघरात बसला म्हणून माणूस उंदीर होत नाही." हे मी बोलायला नको होते, असे मला अजूनही वाटत नाही.

त्या फुलीमुळे ऋतुजा एका गुणाने नापास होते. नापास झाली तर पुढे शिकवणार नाही, असे तिच्या चुलत्यांनी मला फोनवर सांगितले आहे.

म्हणून सरांना ताजे आले कापून दाखवावे, शेजारी खरे मूळ ठेवावे, म्हणजे त्यांना डोळ्यांनीच पटेल, असे मी ठरवले. प्रयोगशाळेचे परिचर मल्लेश यांना मी मोबाईलवर लिहिले, "उद्या सरांच्या केबिनमध्येच खोड मोडायचं. ब्लेड नवीन घ्या. काप पातळ हवेत. लाल रंग विसरू नका." लाल रंग दिला की जलवाहिन्या उठून दिसतात. हा मजकूर चुकून शिक्षकांच्या ग्रुपवर गेला. एका मल्लेशखेरीज सर्वांनी वाचला. गणिताच्या सरांनी त्यावर हात जोडल्याचे चित्र टाकले.

तक्रारीत 'खोड मोडायची' असे आहे. मी 'मोडायचं' लिहिले होते. मोडायची ती माणसाची, मोडायचं ते झाडाचं. एका वेलांटीने मला गुन्हेगार केले. हे समजावल्यावर हवालदार म्हणाले, "म्हंजे मॅडम, आमी चहात रोज खोड घालतो व्हय?" मी हो म्हणाले. "आन् बटाटा?" तोही खोडच, असे सांगितले. त्यावर त्यांनी आपला चहाचा कप लांब सरकवला.

प्राचार्य समोरच्या बाकावर बसले होते. ते म्हणाले, "स्लाइड मुळाची होती एवढं लिहून द्या, तक्रार मागं घेतो. तुमच्या बढतीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, विसरू नका." ऋतुजाही मल्लेशबरोबर आली होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, मी मूळ लिवून देते की. पास तर व्हईन." याचा मला संताप आला, आणि रडूही आले. पोरीने नीट पाहिले, खरे लिहिले, आणि आता तेच खोटे म्हणायला ती तयार झाली. वर्षभर आम्ही हेच शिकवले काय? मी लिहून देण्यास नकार दिला. बढती राहिली तर राहू दे.

त्यावर प्राचार्य म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही." याबाबत माझे सांगणे इतकेच की, त्या स्लाइडवरचे आले मी नोकरीला लागण्याआधीच मेलेले आहे. तरी ते खोडच आहे.

फेरतपासणीच्या अर्जाला जोडण्यासाठी या जबाबाची प्रत मिळावी. कॉलेजच्या कागदावर नाही तर नाही, पोलिसांच्या कागदावर तरी ऋतुजाचे उत्तर फुलीशिवाय राहील.

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी व ऋतुजाने ऐकला. सांगितला तसाच उतरला आहे. त्यात खोड कुठेही खोडलेले नाही, म्हणून सही करते.