आईची कळ आणि डॉक्टरांचा कल

आमच्या आईच्या कमरेचं काय झालं, ऐका. ती राजधानीतल्या द्वारकेला माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिला धड चालवत नव्हतं. एका सर्जनने ऑपरेशन सांगितलं आणि तिची झोपच उडाली.

आमच्या सोसायटीजवळ डॉक्टर मल्होत्रा म्हणून बाई आहेत. त्यांची वर्षाची मेंबरशिप घेतली की मोठ्या डॉक्टरांशी बोलणं, वेळ ठरवणं, सगळं त्याच बघतात. त्या म्हणाल्या, "पहले सुई से ट्राय करते हैं," आणि त्यांनी आम्हाला एका पेन स्पेशालिस्टकडे पाठवलं.

मी गाडी लावेपर्यंत आई एकटीच आत गेली.

"माताजी, तकलीफ क्या है?"

"कळ आती है."

"कल आती है? आज नहीं?"

"आज भी कळ आती है!"

मी पोचलो तेव्हा स्पेशालिस्ट गोंधळलेले आणि आई रडकुंडीला आलेली. तेवढ्यात डॉक्टर मल्होत्रांचाच फोन आला. मी घोळ सांगितला, तशा माझ्या फोनवरून त्या स्पेशालिस्टना म्हणाल्या, "सर, वो मराठी का कळ है. कमर से पैर तक करंट जैसा दर्द. मैं भी पहले दिन फँसी थी."

स्पेशालिस्ट हसले, आईला नीट तपासलं आणि त्याच आठवड्यात तिच्या नसेजवळ सुईने औषध सोडलं.

काही दिवसांनी डॉक्टर मल्होत्रांनी घाबरून मला फोन केला, "माताजी फोन नहीं उठा रहीं!"

मी बाल्कनीतून खाली बघितलं. "डॉक्टर, वो नीचे घूम रही हैं."

"अकेली?"

"नहीं, दो पड़ोसनें हैं. पीछे रह गई हैं."