डावी बाजू

चिमी : दादा, तू खुर्ची परत फिरवलीस. मघाशी मी तिचं तोंड खिडकीकडे केलं होतं.

दादा : उजेड येतो डोळ्यांवर.

चिमी : बाहेर आभाळ भरलंय. कालही फिरवलीस. दर वेळी तुझी डावी बाजू भिंतीकडे जाते.

दादा : तुझ्या प्रयोगशाळेतल्या नळ्या तपास, मला नको. अर्ज लिहायला आलीस ना? लिही. नाहीतर मी खाली चाललो.

चिमी : चपला काढ आधी. शुक्रवारी मुदत संपतेय आणि कागदावर नुसतं तुझं नाव आहे.

दादा : मग लिही की. लष्करातून बडतर्फ केल्याचा शेरा काढून टाकावा, ही नम्र विनंती.

चिमी : कारण?

दादा : इमानाने नोकरी केली.

चिमी : ते गेल्या खेपेला लिहिलं, अर्ज परत आला. त्या शेऱ्यापायी तुला साधा पहारेकरी म्हणून कुणी उभं करत नाही. साहेब मागून 'थांबा' म्हणून ओरडले आणि तू तोफ डागलीस. का?

दादा : माळावर पडला गोळा. एक शेळीसुद्धा मेली नाही.

चिमी : शेळीचं कोण विचारतंय?

दादा : हात खाली आला होता. तोफेवर आम्ही हवालदाराच्या हाताकडे बघतो. हात वर, तयार. हात खाली, डाग. त्या गदारोळात तोंडचं कुणाला ऐकू येतंय?

चिमी : बाकीच्यांना आलं. सगळे मागे वळले.

दादा : बाकीचे नवे होते.

चिमी : नवे म्हणजे?

दादा : नवे म्हणजे नवे! डोकं नको खाऊ. आलोच मी जरा फिरून.

(दादा दाराशी उभा राहून चपला चढवतो. त्याच्या डाव्या हाताला, स्वयंपाकघरातून वहिनी.)

वहिनी : अहो, चहा टाकू का?

चिमी : वहिनी, परत विचार.

वहिनी : अहो, चहा! सोड गं. घरी आल्यापासून हे असंच. मी बोलायचं आणि यांनी खांबासारखं उभं राहायचं. लष्करावरचा राग माझ्यावर.

चिमी : दादा, इकडे बघ. वहिनी चहाचं विचारतेय.

दादा : मग तोंडाने विचारायचं ना.

वहिनी : दोनदा विचारलं!

चिमी : दादा, डाव्या कानाने काहीच येत नाही?

दादा : उजव्याने येतं की.

चिमी : तोफेवर होतास तेव्हाही येत नव्हतं? साहेब मागे, तुझ्या डाव्या अंगाला होते ना?

दादा : तोफेशेजारी वर्षं काढली की कान जातोच, नव्यांचे अजून शाबूत होते. पण कान गेला म्हटलं की तोफेवरून उचलतात आणि कोठारात बसवतात, घोंगड्यांच्या घड्या घालायला. कुणीच सांगत नाही गं. हाताकडे बघून निभतं सगळं.

चिमी : चौकशीत तरी सांगायचंस!

दादा : बहिरा आहे म्हणून? त्यापेक्षा उद्धट बरा. उद्धटाला लोक निदान वचकतात.

वहिनी : आणि मी? मला इतकी वर्षं उद्धट नवरा दिलात? मी काय भिंतीशी भांडत होते?

दादा : उजवीकडून भांडलीस ते सगळं ऐकलंय.

वहिनी : हसू नका. अजिबात हसू नका.

चिमी : हे लिहिते मी. पण नुसतं लिहून भागणार नाही. कानांच्या डॉक्टरचा दाखला लागेल.

दादा : म्हणजे बडतर्फ जाणार आणि बहिरा येणार. बहिऱ्याला कोण पहाऱ्यावर ठेवतो?

चिमी : ते मला माहीत नाही. पण तू हुकूम मोडला नव्हतास.

दादा : पुन्हा म्हण.

चिमी : तू हुकूम मोडला नव्हतास, दादा.

वहिनी : चहा टाकू की नको, एवढं तरी सांगा.

दादा : नको. चिमे, तो डॉक्टर आत्ता असेल?

चिमी : संध्याकाळपर्यंत असतो. का?

दादा : चपला घातल्याच आहेत. जाऊ या. (वहिनीकडे वळून) तूही चल गं. माझ्या डाव्या बाजूने चाल, तिकडच्या गाड्या मला कळत नाहीत.