पडलो म्हणून सांगायचं

ठकू : मूठ उघडा, अण्णा.

अण्णा : उघडली तर काठी पडेल.

ठकू : पडत नाही. तळव्याला पट्टा बांधलाय ना, तो धरून ठेवतो. हात मागे गेला की बोटं सोडायची, पुढे आला की हलकं धरायचं. सोडा, धरा. सोडा, धरा.

नर्सबाई : मलाही आधी जमत नव्हतं हो. सगळा जन्म वॉर्डात सुया टोचण्यात गेला, बोटं सुटायचीच नाहीत. हिनं सोडवली. तुमची लेक मास्तरीण म्हणून खडूस आहे, पण शिकवते झकास.

अण्णा : लेकीनं बापाला चालायला शिकवायचं! उलटीच तऱ्हा. हिला चालायला मी शिकवलं, बाई. दुकानात, कापडाच्या ताग्यांना धरधरून.

नर्सबाई : मग आता वसूल करा. छाती उघडून शिवलीय ना तुमची? शिंप्यालाच शिवलं म्हणजे कमाल आहे.

अण्णा : आणि टाके बघा कसले! असली शिलाई मी केली असती तर गिऱ्हाइकानं सदरा तोंडावर फेकला असता.

नर्सबाई : हसू नका, टाके ओढतील.

ठकू : गप्पा पुरे. आता दुसरा धडा. काठ्या धरूच नका. हात सैल सोडा, पट्ट्याला लटकलेल्या काठ्या मागून फरपटू द्या आणि नुसतं चाला.

अण्णा : फरपटू? टोकं झिजतील की.

ठकू : झिजू द्या. चाला.

नर्सबाई : वा! बघा, हात आपोआप हलायला लागले. नॉर्डिक वॉकिंग म्हणतात याला. नाव परदेशी, पण आहे ते साधंच...

ठकू : थांबा! थांबा म्हणते ना! उचला त्या काठ्या!

नर्सबाई : अगं, काय झालं? छान चालले होते की.

ठकू : काही नाही. डांबरावर आवाज फार होतो. वर मातीचा रस्ता आहे, तिकडे जाऊ.

नर्सबाई : त्या चढावर? पहिल्या आठवड्यात? डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलंय ना यांना?

ठकू : बाई, तुम्ही बाकीची बॅच घेऊन तळ्याला फेरी मारून या. वर बाकापाशी भेटू. मला यांच्याशी थोडं बोलायचंय.

नर्सबाई : बोलायला चढ कशाला हवा? बरं बाई, तू मास्तरीण. अण्णा, जिभेखाली ठेवायची गोळी खिशात आहे ना? छातीत जरा दाबल्यासारखं झालं की मुकाट्यानं बसायचं. शौर्य दाखवायचं नाही.

अण्णा : शौर्य कसलं, जीव मुठीत घेऊन आलोय.

ठकू : मूठ उघडायचीय, अण्णा. चला. उजवा पाय, डावी काठी.

अण्णा : हळू चाल.

ठकू : नाही.

अण्णा : धाप लागलीय मला.

ठकू : लागू द्या.

अण्णा : हा काय व्यायाम झाला? मारायचंय का मला?

ठकू : अजून ठरवलेलं नाही. चला.

अण्णा : काय बोलतेस! कोणाशी बोलतेस त्याचं भान आहे का?

ठकू : आहे. म्हणून तर चढावर आणलं. मघाशी मी का ओरडले, विचारलं नाहीत.

अण्णा : त्यात काय विचारायचं? दचकायची तुझी खोड जुनीच आहे.

ठकू : कुठून आली ती खोड? कापड मोजायचा तुमचा गज होता, लोखंडी. दुकान बंद केलं की तो घेऊन तुम्ही जिना चढायचात. उचलून नाही आणायचात. फरपटत आणायचात, एकेक पायरी. आधी खण्ण, मग खर्र. खण्ण, खर्र. आम्ही दोघं भावंडं पलंगाखाली. धाकट्याच्या तोंडावर माझा हात. आवाज स्वयंपाकघराकडे वळला की आज आईची पाळी. आमच्या खोलीकडे आला की आमची. आणि सांगू? आईकडे वळला की मला सुटल्यासारखं व्हायचं. माझ्या आईला मार बसणार म्हणून मी देवाचे आभार मानायची, अण्णा.

अण्णा : गज जड होता. दिवसभर कात्री चालवून खांदा गेलेला असायचा. म्हणून ओढत आणायचो.

ठकू : मारायला बरा चालायचा खांदा.

अण्णा : शिस्त लावली. म्हणून दोघं मार्गी लागलात. तू आज चार माणसांना शिकवतेस, धाकटा...

ठकू : धाकट्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही.

अण्णा : जिन्यावरून पडला होता तो.

ठकू : अण्णा.

अण्णा : पडला होता! डॉक्टरांना त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

ठकू : दवाखान्याच्या पायरीवर त्याची कॉलर धरून तुम्ही पढवलंत. "पडलो म्हणून सांगायचं." मी शेजारी उभी होते. आत डॉक्टरांनी नेमकं डाव्या बाजूनं विचारलं, कसं झालं रे बाळा? त्याला प्रश्न ऐकूच गेला नाही. पण त्यांचे ओठ हलले तसं त्यानं उत्तर देऊन टाकलं. पडलो.

अण्णा : थांब. खरंच थांब जरा.

ठकू : छातीत दाबतंय?

अण्णा : दाबत नाही. धडधडतंय.

ठकू : मग चला. त्या झाडापर्यंत.

अण्णा : तुझ्या अंगात आलंय का आज? आठवडा झाला तुझ्या घरी येऊन. तू धड बोलत नाहीस, मी तक्रार केली? धाकटा म्हणाला, ताईकडे जा, ती चालायला शिकवेल, बरे व्हाल. आलो. पुढ्यात पडेल ते मुकाट खातो. अजून काय करू?

ठकू : काल दुपारी मी बॅचला आले होते. घरी तुम्ही आणि माझी छोटी. काय झालं?

अण्णा : काय व्हायचंय?

ठकू : आज सकाळी तिला कंगवा धरता येईना. मी हात हातात घेतला तर तळवा टरटरून सुजलेला.

अण्णा : सायकलवरून पडली ती.

ठकू : हो. तीही हेच म्हणाली. अगदी हेच शब्द, माझ्याकडे न बघता. तिच्या सायकलची साखळी तुटून महिना झालाय, अण्णा. सायकल माळ्यावर आहे.

अण्णा : चल पुढे.

ठकू : चढ संपला. थांबा आता. बोला.

अण्णा : माझी कात्री घेतली तिनं. कापडाची. कागदाच्या चांदण्या कापत बसली होती. कागदावर चालवली की कात्रीची धार मरते, तुलाही माहितेय. त्या कात्रीवर घर चालवलं मी. तुम्हाला वाढवलं.

ठकू : कशानं मारलंत?

अण्णा : मारलं नाही. धाक दाखवला.

ठकू : कशानं?

अण्णा : ही होती हाताशी.

ठकू : ही काठी. तुम्ही चार वर्षं जास्त जगावं म्हणून मी आणून दिलेली. आणि तिला काय म्हणालात? थांबा, मीच सांगते. "मूठ उघड."

अण्णा : आठवत नाही.

ठकू : मला आठवतं. गज उगारून मलाही हेच म्हणायचात. जो शिकायला येतो त्याला मी हेच सांगते, मूठ उघडा. हे शिकवतानाच सगळ्यात जास्त बोलावं लागतं, दुसरा इलाज नाही. सुरुवातीला प्रत्येक वेळी माझीच मूठ मिटायची. मग वाटलं, सांगून सांगून शब्द धुतले जातील, त्यांतला मार निघून जाईल. निघालाही होता. काल तुम्ही तो माझ्या पोरीच्या हातावर परत ठेवलात. हात पुढे करा.

अण्णा : काय?

ठकू : उजवा हात. मूठ उघडा.

अण्णा : शुद्धीवर आहेस का? बापावर हात टाकणार? मागे हो! मागे हो म्हणतो ना, एक ठेवून दिली तर...

ठकू : द्या ना. उचललीच आहे काठी तर मारा.

अण्णा : सोड! अगं सोड, मनगट पिरगळतंय माझं!

ठकू : तुम्हीच सोडा की. जमत नाही ना? पट्टा आहे. मघाशीच सांगितलं होतं, पडत नाही म्हणून. मी आता पलंगाखाली मावत नाही, अण्णा. रोज हा चढ चढते मी, या दोन हातांच्या जोरावर. थांबा, पट्टा मी काढते. हीच ना कालची? उजव्या हातातली? हात पुढे करा.

(खालून, तळ्याच्या काठानं, बॅचच्या काठ्यांची टकटक ऐकू येते. मग अण्णांचा उजवा हात पुढे येतो. सकाळपासून पहिल्यांदाच मूठ पुरती उघडली आहे.)

ठकू : एक.

अण्णा : आई गं!

ठकू : रडायचं नाही. रडलं की एक जास्त. तुमचाच नियम. दोन.

अण्णा : ठकू...

ठकू : हात मागे घ्यायचा नाही!

अण्णा : घेत नाही. मार.

ठकू : तीन.

अण्णा : गज याहून जड होता.

ठकू : काय म्हणालात?

अण्णा : गज फार जड होता. हे काहीच नाही त्याच्यापुढे. आणि तुझा हात केवढासा होता... थांबलीस का? मार की. तुझा हिशेब एवढ्यावर मिटतोय थोडाच.

ठकू : पहिला मारला तेव्हा वाईट वाटलं. दुसऱ्याला बरं वाटलं. तिसऱ्याला फार बरं वाटलं. अगदी अंगातून कळ गेल्यासारखं मोकळं. तुम्हालाही असंच वाटायचं?

अण्णा : हे काय विचारतेस?

ठकू : खरं सांगा. एकदा तरी.

अण्णा : हो.

ठकू : शिस्तबिस्त काही नव्हतं मग.

अण्णा : दिवसभर लोकांची बोलणी खायचो. बाही तोकडी झाली, गळा ढगळ झाला. वर आलो की... हो. बरं वाटायचं.

ठकू : मग मला नको ते. घ्या तुमची काठी, माझ्या हातात नको. तुम्ही पांढरेफटक पडलाय. बसा त्या बाकावर. गोळी कुठल्या खिशात आहे?

अण्णा : आतल्या. मी शिवलेला खिसा आहे, बटण उघड.

ठकू : जीभ वर करा. हं. आता बोलू नका. ऐका नुसतं. तुम्ही माझ्या घरी राहायचं नाही. दुकानावरची खोली रिकामीच आहे, आजच झाडून देते. जेवण दोन्ही वेळा येईल. औषधांचं मी बघेन, धाकट्याला मी सांगेन. सकाळी बॅचला या, इतरांसारखं शिकवेन. सपाटीवर.

अण्णा : आणि छोटी?

ठकू : छोटी तिथे येणार नाही.

अण्णा : कधीच?

ठकू : ते मोठी झाली की तिचं ती ठरवेल. आज घरी गेल्यावर मी तिला एवढंच सांगणार आहे की ती पडली नव्हती. ते मला माहीत आहे आणि तिची काही चूक नव्हती.

अण्णा : तिला सांग, कात्री...

ठकू : काय?

अण्णा : कात्री तिच्याकडेच राहू दे. कापू दे कागद.

ठकू : नको. तुमची कात्री घेऊन जा. तिला मी दुसरी आणते.

अण्णा : बाई चढ चढून येताहेत. डोळे पूस.

ठकू : राहू दे.

नर्सबाई : हुश्श! काय गं हा चढ! अण्णा, तुम्ही कसे काय पोचलात? अरे देवा, चेहरा बघा. नाडी दाखवा आधी. ठकू, गोळी दिलीस?

ठकू : दिली, आत्ताच.

नर्सबाई : धावतेय, पण ठोका नियमित आहे. बसून राहा. बोलले होते मी, चढ नको म्हणून. आणि हा हात असा काखेत काय लपवलाय? बघू.

अण्णा : काही नाही हो.

नर्सबाई : मूठ उघडा. उघडा म्हणते ना. अगंबाई! हे काय झालं?

अण्णा : पडलो.

नर्सबाई : पडलात? कुठे?

अण्णा : चढावर. पाय घसरला, हात टेकला खाली. हिची काही चूक नाही, ही पुढे होती. पडलो मी.

नर्सबाई : पडल्यावर हात खरचटतो, अण्णा. माती लागते. हे वळ आहेत.

ठकू : पडले नाहीत, बाई. मी मारलं. या काठीनं.

अण्णा : अगं, मी सांगितलं ना पडलो म्हणून! तू कशाला बोलतेस?

ठकू : आपल्या घरात आजवर कुणीच बोललं नाही, म्हणून.