सरळच धरलं होतं हो मी!

...आणि वर शेजारीण मलाच म्हणते, "मुद्दाम घातलीस!" मुद्दाम? अहो, मिरचीवर कुणी मुद्दाम गाडी घालतं का? मिरची काय माझी सवत आहे? तुम्हाला सांगते, दोन्ही हातांनी, परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसून, मी सरळच धरलं होतं! स्टिअरिंग सरळ, मी सरळ, नजर सरळ... गाडी तेवढी उजवीकडे. आणि आमच्याकडे गाड्या चालतात उजव्या बाजूनं, मग उजवीकडे काय? तर रस्त्याच्या कडेला, डांबरावर, काळ्या जाळीवर पसरलेल्या चुंजूकरणीच्या मिरच्या. लालभडक, कडकडीत, संध्याकाळी पोत्यात भरायच्या म्हणून शेवटचं ऊन खात पडलेल्या. आवाज आला हो... कर्रर्र! मला वाटलं गाडीचं काहीतरी मोडलं. मी आणखी पुढे घेतली. मग परत मागे घेतली, काय मोडलं बघायला. ते मागे घेतलेलं तिनं पाहिलं.

आता आमच्या गावात सप्टेंबर म्हणजे अर्धा रस्ता मिरच्यांचाच. सगळेच घालतात, मीही घालते, उरलेल्या अर्ध्यातून सगळेच गाड्या काढतात, कुणाची एक मिरची दबत नाही. मग माझ्याच चाकाखाली कशा आल्या? हे मला अख्ख्या गावानं विचारलं. मला कशाला विचारता, गाडीला विचारा ना!

बरं, शेजारीण तरी कोण? चुंजूकरीण! म्हणजे तिचं माहेर चुंजूचं, माझं येचनचं, म्हणून मी येचनकरीण. जन्म गेला सासरी राबण्यात, पण नाव माहेरचंच, तेवढंच काय ते आपलं. ती माझ्यापेक्षा मोठी, मी ताई म्हणते. आणि नशीब बघा, आदल्याच संध्याकाळी पंचायतीच्या हॉलमध्ये पत्ते कुटताना मी सहज, अगदी सहज, म्हणाले होते, "ताई, गेल्या वर्षी आपल्या किमचीत मीठ जरा जास्तच झालं, नाही?" कोबीच्या त्या तिखट लोणच्यात मीठ कुणी घातलं होतं? तिनं. झालं! संध्याकाळी मीठ काढलं आणि दुसऱ्या दिवशी मिरचीवर गाडी घातली... कुणीही दोन आणि दोन चारच म्हणणार. पण मी सरळच धरलं होतं हो!

कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, "येचनकरणी, यंदा किमजांगला माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाही! तुझी कमी मिठाची किमची तुझ्या घरी घाल!" तुम्ही हसाल, पण ही शिक्षा साधी नव्हे. किमजांग म्हणजे हिवाळाभराची किमची एका दिवसात घालायची, शेकड्यांनी कोबीचे गड्डे, सगळ्या बायका मांडीला मांडी लावून, हातभर लाल मसाला, एकमेकींच्या तोंडात पहिला घास... आणि मी काय करणार? घरात बसून आमच्या ह्यांच्याबरोबर किमची घालणार? ह्यांना कोबी पुसायला दिला तर वर्तमानपत्र वाचत पुसतात! रडू आलं मला, खरंच सांगते. गाडीतच बसून रडले, खिडक्या बंद करून, कारण बाहेर मिरचीचा ठसका उठला होता आणि रडणं कुठलं नि ठसका कुठला, ते कुणाला कळलं नसतं.

त्यात आमचे गावप्रमुख! पहाटे सहाला खांबावरचा भोंगा सुरू. "आहं... आहं... माइक टेस्ट, माइक टेस्ट. ग्रामस्थांनो, रस्त्यावर मिरच्या वाळताहेत, वाहनं जपून चालवावीत..." इथवर ठीक होतं हो. पण मग घसा खाकरून... "विशेषतः निळी पिकअप." गावात निळी पिकअप किती? एकच!

मी ह्यांना म्हटलं, अहो, गाडी उजवीकडे ओढते. तर हे डोकंही वर न करता, "मग? थोडी डावीकडे धरायची." थोडी डावीकडे धरायची! म्हणजे इतकी वर्षं हा माणूस गाडी डावीकडे धरून सरळ चालवत होता आणि घरात कुणाला पत्ता नाही! मी म्हटलं, तुम्हाला हे दोषासारखं वाटलं नाही? तर म्हणाले, "वयानं येतं ते. माझीही मान डावीकडे जाते, मी बोलतो का काही?" ह्यांची औषधंही तशीच. आधी उजव्या चाकात हवा भरली. गाडी उजवीकडेच. मग पुढची दोन चाकं आपसात बदलली. उजवीकडेच. मग, हसू नका, डाव्या बाजूला खताची दोन पोती ठेवली, वजनानं डावीकडे येईल म्हणून! गाडी डावीकडे कलली आणि कललेल्या अवस्थेत उजवीकडे गेली. हाटातल्या बायका वळून वळून बघत होत्या.

शेवटी मी जेवण वाढायचं बंद करीन म्हटल्यावर गाडी शहरात अलाइनमेंटला गेली. तिथला चकाचक शर्ट घातलेला माणूस, चाकांना यंत्रं लावली, पडद्यावर हिरवे आकडे आले, "झालं, मॅडम, एकदम सरळ!" आणि खरंच हो! तलावाच्या रस्त्यानं येताना गाडी अशी सरळ, अशी सरळ, की मी गाणं म्हटलं. ठरवलं, तशीच ताईच्या दारात नेते, तिला बसवते, दाखवते. गावात शिरले, पंचायतीच्या हॉलसमोरचा गतिरोधक आला... धडाम्! आणि माझ्या हातातच कळलं मला. गेली. पुन्हा उजवीकडे. ताईच्या दारासमोरून जाताना मी डावीकडे इतकी जोरात ओढली की तिला वाटलं मी तोंड फिरवून गेले. म्हणजे मिरचीही मुद्दाम आणि तोंड फिरवणंही मुद्दाम. मी सरळच धरलं होतं, पण ऐकतंय कोण?

मग मी स्वतः गेले, ह्यांना न सांगता, प्यो मेस्त्रीकडे. खिंडीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज. उभा जन्म कॉम्प्रेसरच्या शेजारी गेल्यामुळे त्याला कमी ऐकू येतं आणि म्हणून तो बोलतो भोंग्यासारखा. "काय झालंऽऽ वहिनीऽऽ?" मी म्हटलं, गाडी उजवीकडे ओढते! "घोडी कुठेऽऽ?" गाडी, गाडी! मग कागदी कपात गोड कॉफी हातात दिली, गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक वरून-खालून धरून हलवलं... अहो, चाक डुगडुगतंय! पडायला आलेल्या दातासारखं! टायर आतल्या बाजूनं असा खाल्लेला, की उंदरानं कुरतडावा. चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्ममध्ये पहार घातली, जरा दाबली, तर आर्म हा एवढा सरकला. त्याच्या सांध्यातल्या बुशाचं रबर त्यानं बोटानं उकरून माझ्या तळहातावर ठेवलं, त्याचा पार भुगा झाला होता.

"अलाइनमेंट कुणी केलीऽऽ?" शहरात. तो हसायलाच लागला. "वहिनी, खांब हलतोय आणि तुम्ही ओळंबा लावून बसलात! बुश गेले, बॉल जॉइंट गेला, टाय रॉड हा एवढा ढिला. आधी ते बदला, मग चाकं सरळ करा. नाहीतर जितक्या वेळा सरळ कराल तितक्या वेळा पहिल्या खड्ड्यात पुन्हा वाकडी. ही गाडी रस्त्यावर राहिली हेच नवल!"

तुम्हाला सांगते, गाडीचे गुडघे गेले हे ऐकून इतका आनंद जगात कुणालाही झाला नसेल. मी उडीच मारली! म्हणजे मी नव्हते हो, गाडीच होती! म्हटलं, मेस्त्री, हे असंच्या असं फोनवर सांगा. लावला चुंजूकरणीला फोन, दिला त्याच्या हातात. तो ओरडतोय, "खालचा आर्म गेलाऽऽ!" तिकडून ती, "अगं बाई, कुणाचा हात गेला?" "हात नाहीऽऽ, बॉल जॉइंट!" "खुबा? येचनकरणीचा खुबा मोडला?" क्षणभर तिच्या आवाजात अशी काळजी होती... मला वाटलं, मोडला म्हणून टाकावं. पण हा बाबा सत्यवादी. "वहिनींचा नाही, गाडीचाऽऽ!" लगेच काळजी पळाली. मग थंडपणे, "मेस्त्री, तिनं तुम्हाला काय खायला घातलं?" आणि फोन ठेवला.

असो. काम झालं. दोन्ही बाजूंचे आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, सगळं नवं. मग अलाइनमेंट. प्यो म्हणाला, एक चाक सासरी निघालं होतं आणि दुसरं माहेरी, आता दोघांना एका वाटेला लावलंय. ह्यांनी गाडी पाहिली, एकदा चालवली आणि काय म्हणाले असतील? "हिला काय झालं? डावीकडे ओढतेय." अहो, ती ओढत नाही, तुम्ही ओढताय! इतक्या वर्षांची हाताची सवय! आणि खोटं कशाला बोलू, माझेही हात इतके दिवस डावीकडे ओढून तसेच बसले होते. पहिल्याच दिवशी मी पलीकडच्या बाजूला, समोरून गावप्रमुख त्यांच्या स्कूटरवर. वाचले हो ते, थेट तिळाच्या पेंढ्यांत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे, "आहं... आहं... ग्रामस्थांनो, निळी पिकअप आता डावीकडेही येते."

आता सांगा, मी काय करायचं? गाडी सरळ, मी सरळ, पण मध्ये माझे हे वाकडे हात! आणि किमजांग आठवड्यावर आलेली. कोबीचे गड्डे शेतात टम्म फुगलेले, बायका ताईच्या अंगणात पातेली घासतायत, मी कुंपणावरून बघतेय. मग माझ्या डोक्यात आलं, की गाडी सरळ आहे हे सिद्ध करायचं तर हातच काढून टाकायचे. स्टिअरिंग सोडूनच द्यायचं!

गेले तिच्या दारात. ताई, बस गाडीत. "नाही बसत." ताई, शेवटचं बस, मग जन्मात बोलू नकोस. बसली. दार धरून बसली, पिशवी छातीशी धरून. नेली तलावाच्या रस्त्यावर. लांब, सरळ, मोकळा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं. अगदी हळू, बैलाच्या चालीनं, आणि म्हटलं, ताई, बघ. आणि दोन्ही हात वर केले.

काय सांगू तुम्हाला... गाडी सरळ! रेघ मारल्यासारखी! विजेचा एक खांब गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, ना उजवीकडे ना डावीकडे. ताई आधी "अगं, धर, धर!" ओरडत होती, मग काचेतून बघतच राहिली. म्हणाली, "अगं... खरंच गं, गाडीच होती." मी म्हटलं, मी सरळच धरलं होतं, ताई. तर तिचे डोळे भरले. "येचनकरणी, मी तुला नाही नाही ते बोलले. आणि मीठ... मीठ जास्तच झालं होतं गं गेल्या वर्षी." माझेही भरले. आणि तिनं काय केलं? माझे दोन्ही हात, दोन्ही, घट्ट आपल्या हातांत घेतले! आता बहिणीसारखी बाई डोळ्यांत पाणी आणून हात धरते, तेव्हा कोण सोडवून घेईल? मी तर नाही. गाडी सरळ चालली होती. रस्ता वळला.

लागलं कुणाला नाही हो! उतार मऊ, माती मऊ, आणि कोबी तर काय, गादीच. तीन ओळी साफ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिथेही सरळ, प्यो मेस्त्रीनं स्वतः येऊन पाहिलं, म्हणाला, "चाकोरी बघा वहिनी, ओळंब्यातऽऽ!" हे शेताच्या बांधावर उभे राहून म्हणाले, "थोडी डावीकडे धरायची होती." आणि शेत कुणाचं होतं, ते विचारू नका. कळलंच असेल तुम्हाला.

चुंजूकरीण खाली उतरली. आपल्या त्या फुटलेल्या गड्ड्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी जीव मुठीत धरून उभी. आणि ती हसायलाच लागली हो, पोट धरून, बांधावर बसून! म्हणाली, "मिरची कुटून दिलीस, कोबी फोडून दिलास, आता तुझ्याशिवाय किमजांग व्हायची कशी? हे आजच्या आज मिठात पडायला हवं. माझ्या अंगणात ये. मीठ तू घाल."

मी म्हटलं, येते ताई, आत्ता गाडी काढते आणि येते!

तर म्हणाली, "चालत ये."